आयर्लंडमध्ये निवडणूक लढवायची तर: काउन्सिलपासून डॉइलपर्यंत

मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉ. अशोक वरडकरांचा मुलगा लिओ १४ जून २०१७ रोजी आयर्लंडचा पंतप्रधान झाला आणि महाराष्ट्रात बातमी पोचली ती थेट वरच्या पायरीची. खालच्या पायऱ्यांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९९९ मध्ये, विसाव्या वर्षी, मेडिकलला असतानाच ते डब्लिनच्या मलहडर्ट भागातून स्थानिक निवडणुकीला उभे राहिले होते आणि त्यांना ३८० मतं पडली होती. पाच वर्षांनी कॅसलनॉकमधून त्यांना पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं मिळाली. त्या वर्षीच्या स्थानिक निवडणुकीत देशभरात इतकी मतं दुसऱ्या कुणालाच नव्हती. तिथून संसद, मंत्रिपद, पक्षाचं नेतेपद असा प्रवास झाला. तिथल्या बहुतेक संसदीय कारकिर्दी याच क्रमाने घडतात. प्रत्येक पायरीचे नियम, कागद आणि घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. डब्लिन, कॉर्क, गॉलवेत राहून या वाटेचा विचार करणाऱ्या मराठी माणसाने त्या आधीच माहीत करून घ्याव्यात.

सुरुवातीला शब्द तोंडात बसवा, कारण लिहिलेलं वाचून उच्चार कळत नाहीत. संसदेचं कनिष्ठ सभागृह म्हणजे डॉइल, वरिष्ठ म्हणजे शॅनड. डॉइलचा सदस्य तो टीडी. पंतप्रधान टीशख, उपपंतप्रधान टॉनिश्ता. पक्षांची नावं फिना गेल, फीना फॉल, शिन फेन. मतदाराच्या दारात हे शब्द अडखळले की पुढचं बोलणं ऐकलं जात नाही.

यादीत तुमच्या नावापुढचं अक्षर

स्थानिक, म्हणजे काउन्सिलच्या, निवडणुकीसाठी आयरिश नागरिकत्व लागत नाही. देशात नेहमीचं वास्तव्य आणि वय १८ पूर्ण, एवढ्यावर मतही देता येतं आणि उभंही राहता येतं. भारतीय पासपोर्ट असला तरी चालतो. ही सवलत पुष्कळांना माहीतच नसते. डॉइलसाठी मात्र उमेदवार आयरिश नागरिक आणि किमान २१ वर्षांचा हवा. तिथे मतदानाचा हक्कही फक्त आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना आहे.

म्हणून पहिलं काम मतदार यादीचं. ‘चेक द रजिस्टर’ या सरकारी संकेतस्थळावर पीपीएस क्रमांक (सरकारी कामांसाठीचा वैयक्तिक क्रमांक) आणि एअरकोड (पत्त्याचा संकेतांक) देऊन नाव नोंदवता येतं. यादीत नावापुढे एक इंग्रजी अक्षर असतं. ‘पी’ असेल तर सर्व निवडणुका आणि सार्वमतं, ‘एल’ असेल तर फक्त स्थानिक. भारतीय नागरिकाच्या नावापुढे ‘एल’ लागतो. गोची होते ती पुढे: नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, पासपोर्ट येतो, पण यादीतला ‘एल’ आपोआप बदलत नाही. डॉइलच्या मतदानाला माणूस केंद्रावर जातो आणि मत न देता परत येतो. नागरिकत्व मिळालं की त्याच आठवड्यात यादीतली नोंद बदलून घ्या. आपल्या पाठीराख्यांच्या नोंदीही तपासा. बदल स्वीकारण्याची मुदत मतदानाच्या साधारण अडीच आठवडे आधी संपते. शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नसतो.

नागरिकत्वासाठी गेल्या नऊ वर्षांत पाच वर्षांचं ग्राह्य वास्तव्य लागतं आणि त्यातलं शेवटचं वर्ष सलग असावं लागतं. विद्यार्थी म्हणून स्टॅम्प टू या वास्तव्य परवान्यावर काढलेला काळ यात धरत नाहीत. अर्जाचं शुल्क १७५ युरो आणि मंजुरीनंतर प्रमाणपत्राचे ९५० युरो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड घ्यावं लागतं. हा निर्णय घरच्यांशी बसून करायचा आहे. तो होईपर्यंत काउन्सिलची निवडणूक लढवायला काहीच आडकाठी नाही.

मत कसं मोजतात

हे नीट समजलं नाही तर बाकीचं सगळं वाया जातं. आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून अनेक जण निवडले जातात: डॉइलसाठी तीन ते पाच, काउन्सिलच्या मतदारसंघात बहुधा पाच ते सात. मतदार शिक्का मारत नाही. तो नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. महाराष्ट्रात पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात मत दिलेल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी पहिल्या पसंतीत मागे असलेला उमेदवार दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आला, ते याच पद्धतीमुळे.

कोटा म्हणजे निवडून यायला लागणारी मतं. तो काढायची रीत सोपी. वैध मतांना जागांपेक्षा एकने मोठ्या आकड्याने भागायचं, एक मिळवायचा, अपूर्णांक सोडून द्यायचा. सहा जागा आणि १४,००० वैध मतं असतील तर १४,००० भागिले ७ म्हणजे २,०००, अधिक १. कोटा २,००१.

समजा पहिल्या फेरीत एकाला २,७०१ मतं पडली. तो निवडून आला आणि त्याच्याकडे ७०० मतं जास्तीची राहिली. ही ७०० वाया जात नाहीत. त्याच्या सगळ्या २,७०१ मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वेगळ्या करतात. त्यातल्या २०१ पत्रिकांवर पुढची पसंतीच नाही, म्हणून २,५०० उरल्या. ७०० भागिले २,५०० म्हणजे ०.२८. ज्याला यात १,००० दुसऱ्या पसंती आहेत त्याला २८० मतं, ९०० वाल्याला २५२, ६०० वाल्याला १६८. प्रत्यक्षात तेवढ्या पत्रिका गठ्ठ्याच्या वरून उचलून त्या उमेदवाराच्या कप्प्यात ठेवतात. पहिल्या फेरीनंतर कुणी कोटा ओलांडला तर सगळ्या पत्रिका तपासत नाहीत, शेवटी आलेला गठ्ठाच पाहतात. वाटायला जास्तीची मतं नसली की तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या पत्रिका पूर्ण किमतीने पुढच्या पसंतीला जातात. असं करत जागा भरतात. जितक्या जागा उरल्या तितकेच उमेदवार उरले तर कोटा न गाठताही शेवटचे निवडून येतात.

भारतातल्या निवडणुका पाहिलेल्या माणसाची इथे सवयीने चूक होते. गठ्ठा मतं मिळवली की जिंकलो, असं तो धरतो. पहिल्या पसंतीची १,२०० मतं घेऊन सातव्या फेरीपर्यंत तिथेच अडकलेले उमेदवार असतात आणि ९०० वरून सुरू करून सगळ्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पसंतीवर वर सरकणारेही असतात. म्हणून कुणाशीही वैर घेऊ नका. आज ज्याच्यावर चिखलफेक कराल, तो पाचव्या फेरीत बाद होईल तेव्हा त्याच्या मतदारांची पुढची पसंती तुम्हाला लागणार आहे. आपल्या लोकांनाही सांगा की नुसता १ लिहून थांबू नका, पुढचे पसंतीक्रमही लिहा. त्याने पहिल्या पसंतीचं काहीच नुकसान होत नाही.

उमेदवारी: कागद आणि तिकीट

पक्षाचा उमेदवार असाल तर पक्षाचं संलग्नता प्रमाणपत्र पुरतं. अपक्षाला स्थानिक निवडणुकीत १५ मतदारांच्या संमतीच्या सह्या किंवा १०० युरो अनामत, डॉइलसाठी ३० सह्या किंवा ५०० युरो. सह्या करणारे त्याच मतदारसंघाच्या यादीत असावे लागतात. रस्त्यापलीकडचा मित्र दुसऱ्या मतदारसंघात निघाला तर त्याची सही चालत नाही, म्हणून सही घेण्याआधी यादी उघडून नाव बघा. मतं कोणत्याही फेरीत कोट्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा वर गेली तर अनामत परत मिळते. वरच्या उदाहरणात ५०१ मतं.

पक्षाचं तिकीट मेळाव्यात ठरतं. तिथे मत देण्यासाठी काही काळ सदस्य असावं लागतं, त्यामुळे निवडणुकीच्या वर्षी सदस्य होऊन हाती काही लागत नाही. दोन वर्षं आधी शाखेत जा, पत्रकं वाटा, दुसऱ्यांच्या प्रचारात राबा. पक्षाचं मुख्यालय मेळाव्यानंतर स्वतःहून एखादं नाव वाढवू शकतं. डॉइलच्या निवडणुकीत २०२३ पासून किमान ४० टक्के उमेदवार स्त्रिया आणि किमान ४० टक्के पुरुष असावेत असा नियम आहे. तो मोडला तर पक्षाचा सरकारी निधी निम्मा कापला जातो. महिला उमेदवाराने हे लक्षात ठेवून मुख्यालयाशी थेट बोलावं.

आणखी एक दार आहे: सहनियुक्ती. काउन्सिलची जागा मध्येच रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही, ज्या पक्षाची जागा तो पक्ष माणूस सुचवतो. वरडकर २००३ मध्ये फिंगल काउंटी काउन्सिलवर असेच गेले. २००४ ला मतदारांसमोर उभे राहिले तेव्हा ते आधीच नगरसेवक होते. त्या वेळच्या आकड्यामागे ही तयारीही होती. २००३ च्या कायद्याने टीडी आणि सिनेटर (शॅनडचे सदस्य) यांना काउन्सिलवर राहता येत नाही. त्यामुळे सार्वत्रिक निवडणूक झाली की काउन्सिलच्या जागा रिकाम्या होतात, आणि शाखेत कामाचा असलेला माणूस तेव्हा आठवतो.

उंबरे झिजवायचे म्हणजे काय करायचं

आयर्लंडमध्ये सभा कमी, दारावरचा प्रचार जास्त. मतदाराला तुम्ही त्याच्या दारात दिसलात की नाही हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ धरा, शनिवारी दुपारी. चार ते सहा जणांची टोळी पुरे. एकाच्या हातात गल्लीचा तक्ता, बाकीचे सम-विषम घरं वाटून घेतात. उमेदवार प्रत्येक दारात थांबत नाही. ज्या दारात कुणी बोलायला तयार आहे तिथे त्याला हाक मारतात. एका दारात दीड मिनिट. वाद घालू नका, घरात जाऊन बसू नका, हिरवळीवरून चालू नका, फाटक लावून बाहेर पडा. कुणी नसेल तर पत्रकावर स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहून टाका. टपालाच्या फटीला आतून ब्रश असतो आणि कधी कुत्राही. पत्रक ढकलायला जुनं लाकडी उलथनं जवळ ठेवलेलं बरं.

बोलायचं ते एवढं: नाव, राहतो कुठे, त्या गल्लीचं एक काम. मग प्रश्न. मतदार म्हणाला, ‘माझं पहिलं मत अमक्याला ठरलंय,’ तर चेहरा पाडू नका. ‘मग दुसरं मला द्याल का?’ असं विचारा. हे वाक्य तिथे अगदी रीतीचं आहे, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. निवडणूक बहुधा याच वाक्यावर जिंकली जाते.

तक्त्यात कोण कोणाचा मतदार हे सविस्तर लिहून ठेवण्याचा मोह टाळा. माणसाचं राजकीय मत ही डेटा संरक्षण कायद्यानुसार संवेदनशील माहिती आहे. काम काय सांगितलं आणि परत कधी जायचं एवढं लिहा, आणि खरंच परत जा.

मराठी मतांवर कितपत विसंबायचं? मंडळाच्या गणपतीला हॉल भरतो, पण ती माणसं वेगवेगळ्या मतदारसंघांत विखुरलेली असतात. तुमच्या सहा-सात जागांच्या मतदारसंघात त्यातली किती राहतात ते यादीवरून मोजा. त्यांच्याकडून स्वयंसेवक मिळतील, धीर मिळेल. कोटा भरेल तो शेजाऱ्यांच्या मतांनी.

फलक मतदानाच्या ३० दिवस आधीपासून लावता येतात आणि मतदानानंतर ७ दिवसांत उतरवावे लागतात. राहिला तर फलकामागे १५० युरो दंड. खांबाला आवळलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्याही कापून न्यायच्या असतात. प्रत्येक फलकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापलेला हवा. छपाईला देताना हे राहून गेलं तर सगळी खेप वाया जाते.

पैसा

इथे अजाणतेपणी कायदा मोडला जाण्याचा धोका सगळ्यात मोठा. एका व्यक्तीकडून एका वर्षात उमेदवाराला जास्तीत जास्त १,००० युरो घेता येतात, रोख असतील तर २०० युरोपर्यंतच. निनावी देणगी १०० युरोपर्यंत चालते. १०० युरोपेक्षा मोठी देणगी आली की वेगळं राजकीय देणगी खातं उघडावं लागतं. ६०० युरोवरच्या देणग्या जाहीर कराव्या लागतात. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: आयर्लंडबाहेर राहणाऱ्या, आयरिश नागरिक नसलेल्या माणसाकडून देणगी घेताच येत नाही. पुण्याहून मामाने कौतुकाने पाठवलेले पैसे प्रचारात वापरले तर ती बेकायदा देणगी ठरते. परत पाठवा आणि परत पाठवल्याचा कागद जपा.

खर्चाला मर्यादा असते: डॉइलसाठी जागांच्या संख्येवर, काउन्सिलसाठी मतदारसंघाच्या लोकसंख्येवर ठरलेली. खर्चाचं विवरण स्थानिक निवडणुकीनंतर ९० दिवसांत काउन्सिलकडे, डॉइलच्या निवडणुकीनंतर ५६ दिवसांत सार्वजनिक पदांच्या मानक आयोगाकडे द्यायचं. हरलात तरी द्यायचं, एक पैसाही खर्च केला नसेल तरी द्यायचं. पहिल्या दिवसापासून पावत्या एका खोक्यात ठेवा आणि हे काम एकाच माणसाकडे सोपवा.

मोजणीच्या दिवशी कठड्यापाशी

सकाळी पेट्या उघडतात. लांबलचक टेबलं, अलीकडे कमरेएवढा कठडा, आणि कठड्याला रेलून पेन्सिल-तक्ते घेतलेले सगळ्या पक्षांचे लोक. यांना टॅलीवाले म्हणतात. कर्मचारी प्रत्येक मतपत्रिका उलगडून तोंड वर करून ठेवतो, तेवढ्या क्षणात टॅलीवाला १ कोणापुढे आहे ते पाहून रेघ मारतो. चार उभ्या, पाचवी आडवी. विरोधी पक्षांचे टॅलीवालेही आकडे एकत्र करतात, कारण एकट्या पक्षाला सगळी टेबलं पुरी पडत नाहीत. अधिकृत पहिली फेरी जाहीर होण्याच्या कितीतरी आधी निकालाचं चित्र हातात येतं.

नवख्या उमेदवाराला टॅलीतून निकालाहून मोलाची गोष्ट मिळते. प्रत्येक पेटी ठरावीक गल्ल्यांची असते, त्यामुळे कुठल्या वस्तीत किती मतं पडली हे समजतं, आणि ते अधिकृत निकालात कधीच येत नाही. जिथे तीनदा गेलात तिथे काय झालं, जिथे गेलाच नाहीत तिथे काय झालं, हे पेटीगणिक दिसतं. म्हणून टेबलामागे एक माणूस मिळेल इतके स्वयंसेवक मोजणीला आणा, सकाळी वेळेआधी उभे करा, आणि तक्ते जपून ठेवा. हरलात तर पुढच्या पाच वर्षांचा नकाशा तोच आहे. पुढची स्थानिक निवडणूक २०२९ मध्ये.

नगरसेवकाचा टीडी होताना

देशात ३१ स्थानिक संस्था आणि ९४९ नगरसेवक आहेत. नगरसेवकाच्या हातात अर्थसंकल्प आणि विकास आराखडा असतो. एखाद्याचं घर बांधायचा परवाना तो देऊ शकत नाही, ते प्रशासनाचं काम. ‘परवानगी मिळवून देतो’ असा शब्द दारात कधीही देऊ नका. अर्ज कुठे अडला आहे ते शोधून लेखी कळवणं, हे त्याचं खरं काम. त्यासाठी ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी भेटीची वेळ ठेवतात. तिला तिथे ‘क्लिनिक’ म्हणतात. घरवाटपाची यादी, मेडिकल कार्ड, पदपथ, शाळेतला प्रवेश असे विषय येतात. दर भेटीनंतर आठवड्याच्या आत पत्र गेलं पाहिजे, उत्तर ‘नाही’ असलं तरी.

डॉइलमध्ये आता १७४ जागा आणि ४३ मतदारसंघ आहेत. उभं राहण्याआधी जागांची संख्या बघा. तीन जागांच्या मतदारसंघात कोटा पाव मतांचा, पाच जागांच्यात सहाव्या हिश्शाचा, म्हणजे नव्याला पाच जागांचा मतदारसंघ बरा. वरडकर २००७ मध्ये डब्लिन वेस्ट या तेव्हा तीन जागांच्या मतदारसंघातून पहिल्यांदा निवडून आले, आणि तिथले विद्यमान टीडी जो हिगिन्स यांची जागा गेली. इतक्या घट्ट मतदारसंघात नवा माणूस बसतो तो काउन्सिलमध्ये मुरलेला असेल तरच.

आत गेल्यावर नव्या टीडीचं हत्यार म्हणजे लेखी प्रश्न. मंत्र्याचं उत्तर काही दिवसांत, नोंदीसकट येतं. ते मतदारसंघातल्या त्या माणसाला पाठवता येतं. पक्षादेश मोडायचा प्रसंग मात्र विचार करूनच घ्यावा. २०१० मध्ये वरडकरांच्या फिना गेल पक्षात एंडा केनींच्या नेतृत्वाला आव्हान मिळालं तेव्हा वरडकर केनींच्या विरोधात, आव्हान देणाऱ्या रिचर्ड ब्रुटनच्या बाजूने उभे राहिले. ब्रुटन हरले, तरी केनींनी २०११ मध्ये वरडकरांना वाहतूक खातं दिलं. पुढे आरोग्य, मग समाजकल्याण. मंत्रिमंडळाला घटनेनेच ७ ते १५ अशी मर्यादा आहे, त्यामुळे जागा थोड्या आणि वाट पाहणारे पुष्कळ.

नेतेपदाची निवडणूक हे वेगळं गणित. २०१७ मध्ये फिना गेलमध्ये खासदारांच्या मतांना ६५ टक्के, सदस्यांना २५ आणि नगरसेवकांना १० टक्के वजन होतं. सामान्य सदस्यांनी प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनींना स्पष्ट बहुमत दिलं, तरी वरडकर जिंकले, कारण खासदार त्यांच्याकडे होते. पक्षाची नियमावली वाचून कोणाच्या मताचं किती वजन आहे ते आधी बघायचं असतं. डॉइलमध्येही तेच झालं: टीशखपदासाठी ५७ मतं बाजूने, ५० विरोधात, आणि ४७ जण तटस्थ. फीना फॉलशी झालेल्या करारातल्या तटस्थतेवर ते सरकार उभं होतं.

टीशख झालं तरी गल्ली सुटत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये डब्लिन वेस्टमध्ये शिन फेनचे पॉल डॉनली पहिल्या फेरीत निवडून आले. पदावर असलेल्या टीशखना पाचव्या फेरीपर्यंत, इतरांच्या मतपत्रिका आपल्या कप्प्यात येईपर्यंत थांबावं लागलं.

जागा गेली तर शॅनड उरतं. ६० पैकी ४३ जागा पाच व्यावसायिक गटांतून भरतात आणि तिथले मतदार म्हणजे नगरसेवक, नवे टीडी आणि मावळते सिनेटर. मतदारांत सर्वाधिक भरणा नगरसेवकांचा, आणि ते साऱ्या देशभर पसरलेले. हरलेला उमेदवार म्हणूनच मोजणीनंतर थोड्याच दिवसांत गाडी काढून डोनेगलपासून केरीपर्यंत एकेका नगरसेवकाच्या घरी जातो आणि तिथेही तोच प्रश्न विचारतो: पहिलं नसेल, तर दुसरं द्याल का?